नाताळचा बाजार आणि बेथलेहेमचा गोठा

आपल्या महाराष्ट्रांत ‘यात्रा’ हा शब्द दोन अर्थांनीं चालतो. देवदर्शनास जाणें ही यात्रा, आणि त्या निमित्तानें देवस्थानाभोंवतीं जो बाजार भरतो तीहि यात्राच. भांड्यांचीं दुकानें, बांगड्यांचीं पालें, रेवड्यांच्या पराती, खेळण्यांच्या टोपल्या पाहून आलेला मुलगा घरीं सांगतो, “मी यात्रेला गेलों होतों.” तो देवळांत गेला होता कीं नाहीं, हें विचारल्यावांचून कळत नाहीं. जर्मन भाषेंतहि नेमकी हीच गोष्ट झालेली आहे. त्या भाषेंत ‘मेस्से’ म्हणजे मिस्सा, आणि ‘मेस्से’ म्हणजेच व्यापारी जत्रा. सणाच्या दिवशीं दूरदूरचे लोक मिस्सेसाठीं मोठ्या देवळापाशीं जमत. त्यांच्या सोयीसाठीं दारीं दुकानें मांडलीं जात. आणि कालांतरानें आंतल्या उपासनेचें नांव बाहेरच्या बाजारास मिळालें. फ्रांकफुर्टच्या जत्रेस सम्राट दुसरा फ्रीडरिक यानें 1240 सालीं संरक्षणाची सनद दिली होती. त्या शहराच्या व्यापारी प्रदर्शनांना आजहि हेंच नांव आहे.

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघालेल्या या पुस्तिकेंत देवळाचा, धर्मगुरूंचा व शाळेचा इतिहास वाचकांस इतरत्र मिळेलच. प्रस्तुत लेखांत एका लहानशा, परंतु दरवर्षीं आपल्या प्रत्येक घरांत शिरणाऱ्या विषयाचा इतिहास सांगावयाचा आहे. तो विषय म्हणजे नाताळची खरेदी. प्रभु येशूनें मंदिरांतून व्यापाऱ्यांस हांकलून लाविलें, हें आपण शुभवर्तमानांत वाचतों; आणि तरीहि शेंकडों वर्षें ख्रिस्ती लोकांनीं देवळाच्या सावलींत नाताळचा बाजार भरविला. तेव्हां हा बाजार सणाचा सेवक आहे कीं सणाचा चोर, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

त्यासाठीं युरोपांतील, विशेषतः जर्मनीच्या जुन्या गांवांकडे पाहण्याचें कारण आपल्याला फार दूरचें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पहिल्या महायुद्धापर्यंत मुंबई-पुणें मिशनाचा भार जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनीं वाहिला. 1903 सालीं ‘निरोप्या’ मासिक सुरू करणारे व पुढें पुण्याचे बिशप झालेले हेन्री डोरिंग हे जर्मनच होते. 1914 चें युद्ध पेटल्यावर या धर्मगुरूंपैकीं कित्येकांना नजरकैद सोसावी लागली व पुढें मायदेशीं परतावें लागलें. नगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून ज्यांनीं आपल्या वाडवडिलांना बाळ येशूच्या जन्माची वार्ता सांगितली, त्यांच्या मायदेशांत हा सण बाजारपेठेंत कसा उतरला, हें आपण जाणून घेणें योग्यच होय.

सॅक्सनी प्रांतांतील ड्रेस्डेन आज मोठें शहर आहे. परंतु पंधराव्या शतकांत तें एल्बे नदीच्या कांठचें तटबंदीचें लहान गांव होतें. 1434 सालीं तेथील अधिपति दुसरा फ्रीडरिक यानें गांवाला नाताळच्या तोंडावर एक दिवसाचा मांसाचा बाजार भरविण्याची परवानगी दिली. जगांतील अत्यंत जुन्या नाताळ-बाजारांत आज त्याची गणना होते. परंतु मांसाचाच बाजार कां, आणि तोहि एकच दिवस कां? याचें कारण असें कीं, त्या काळीं आगमनकाळ हा कडक उपासाचा काळ होता. मांस वर्ज्य, दूध-लोणी वर्ज्य. तो उपास प्रभूच्या जन्मोत्सवानें सुटावयाचा. आणि त्या दिवशीं घरोघरच्या ताटांत मांसाचा तुकडा पडावा म्हणून आधीं बाजार भरावयाचा. प्रथम उपास, मग बाजार, आणि बाजाराच्या पाठोपाठ मिस्सा, असा तो क्रम होता. ज्यानें कित्येक दिवस जीभ आवरून धरली, त्याच्याच हातीं बाजाराची पिशवी येत असे. आज हा क्रम नेमका उलटा झाला आहे. हल्लीं बाजार प्रथम सुरू होतो, आणि सणाचा दिवस उजाडेपर्यंत मन व खिसा दोन्ही रिकामे झालेले असतात.

याच बाजारांत ‘श्ट्रीत्सल’ नांवाचा एक लांबट गोड पाव विकला जाऊं लागला, आणि त्यावरून बाजाराचेंहि नांव पडलें. पांढऱ्या साखरेनें माखलेला हा पाव बाळंत्यांत गुंडाळलेल्या बाळ येशूसारखा दिसतो, असें तिकडील लोक मानतात. मूळचा पाव मात्र पीठ, पाणी व तेल यांचा, आणि उपासाला शोभेल असा रुक्ष होता. लोणी वापरण्याची मुभा मिळावी म्हणून सॅक्सनीच्या राजघराण्यानें रोमकडे अर्ज केला. आणि 1491 सालीं पोप आठवे इनोसंट यांनीं ती मुभा दिली. या आज्ञापत्रास तिकडे ‘लोण्याचें पत्र’ म्हणतात. मुभा घेणाऱ्यांनीं देवळाच्या बांधकामास कांहीं दान द्यावें, अशी तींत अट होती. देऊळ बांधावयाचें म्हटलें म्हणजे पैसा कोठकोठून गोळा करावा लागतो, हें आपल्या धर्मग्रामाच्या वडीलधाऱ्या मंडळींस निराळें सांगावयास नको!

पुढें सोळाव्या शतकांत युरोपच्या ख्रिस्तसभेंत फूट पडली, आणि तिची झळ नाताळच्या बाजारासहि लागली. तोंपर्यंत मुलांना भेटी मिळत त्या 6 डिसेंबर रोजीं, संत निकोलस यांच्या सणाला. ऱ्हाईन नदीजवळच्या स्ट्रासबुर्ग येथें याच संताच्या नांवाचा बाजार भरत असे. शहर प्रॉटेस्टंट झाल्यावर तेथील एका धर्मोपदेशकानें, संताच्या नांवें मुलांना भेटी देणें ही रोमची खोड आहे, अशी टीका केली. तेव्हां नगरसभेनें 1570 सालीं संत निकोलसचा बाजार बंद करून नाताळपूर्वींचा तीन दिवसांचा बाजार सुरू केला. तोच पुढें ‘बाळ ख्रिस्ताचा बाजार’ या नांवानें प्रसिद्ध झाला. नांव बदललें; दुकानदार, मेणबत्त्या व खेळणीं बहुधा तींच राहिलीं असतील! आणि काळाची गंमत अशी कीं, भेटी आणणारा बाळ ख्रिस्त ही जी प्रॉटेस्टंटांनीं रूढ केलेली कल्पना, ती आज दक्षिण जर्मनी व ऑस्ट्रियांतील कॅथोलिक घरांतच अधिक नांदते आहे. संतांचा मान राखूनहि सणाचा मालक बाळ येशूच आहे, हें कॅथोलिकांना पटण्यास कांहींच अडचण नव्हती.

येथवर आपण देवळाच्या दारचा बाजार पाहिला. परंतु देवळाचें दारच बंद झालें तर? या प्रश्नाचें उत्तर फ्रान्सच्या दक्षिणेस, प्रोव्हान्स प्रांतांत मिळतें. तिकडे वळण्यापूर्वीं एका इटालियन खेड्याचें स्मरण केलें पाहिजे. 1223 सालच्या नाताळांत असीसीच्या संत फ्रान्सिस यांनीं ग्रेच्यो या डोंगरावरील लहान गांवीं गवत आणविलें, बैल व गाढव आणवून उभें केलें, आणि त्या गव्हाणीपाशीं मिस्सा करविली. बेथलेहेमचें दारिद्र्य लोकांनीं डोळ्यांनीं पाहावें, एवढाच त्यांचा हेतु होता. तेथें विकत घेतलेली वस्तु बहुधा एकहि नव्हती. जें होतें तें शेतकऱ्याच्या दारचें होतें. त्या प्रसंगापासून गोठ्याची चाल फ्रान्सिस्कन साधूंनीं सर्वत्र पसरविली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं गोठ्याचें महत्त्व सांगणाऱ्या आपल्या पत्रावर 1 डिसेंबर 2019 रोजीं याच ग्रेच्यो गांवीं जाऊन सही केली.

आतां प्रोव्हान्सची कथा. 1789 सालीं सुरू झालेल्या फ्रेंच राज्यक्रांतीनें पुढील कांहीं वर्षांत धर्मावरच शस्त्र उगारलें. 1793 च्या सुमारास देवळें बंद झालीं, धर्मगुरु परागंदा झाले, मध्यरात्रींची मिस्सा थांबली, आणि देवळांतील मोठमोठे गोठेहि नाहींसे झाले. तेव्हां प्रोव्हान्सच्या श्रद्धाळू लोकांनीं गोठा आपल्या घरांत आणला. मार्सेय येथील झां-लुई लान्येल (1764–1822) या मूर्तिकारानें साचे तयार केले, व त्यांतून मातीचे वीतभराहूनहि लहान पुतळे काढण्यास सुरुवात केली. साच्यामुळें पुतळा स्वस्त झाला, आणि जो गोठा पूर्वीं देवळास किंवा श्रीमंतालाच परवडे, तो कोळ्याच्या व मजुराच्या घरीं गेला. या पुतळ्यांना तिकडे ‘सांतों’ म्हणतात. त्या बोलींत त्याचा अर्थ ‘चिमुकला संत’.

या गोठ्याचें एक वैशिष्ट्य आपल्या वाचकांस चटकन् उमगेल. दिवाळींत आपल्याकडे मुलें अंगणांत दगडमातीचा किल्ला करतात, त्यावर हळीव पेरतात, आणि कुंभाराकडून मावळे, शेतकरी, गवळणी आणून जागोजाग उभ्या करतात. प्रोव्हान्सचा गोठा असाच असतो. शेवाळाचे डोंगर, झाडाच्या सालीचे कडे, आणि त्यांतून गव्हाणीकडे येणारें सारें गांव. पाणी वाहणारी बाई आहे, मासळीवाली आहे, चाकूसुऱ्यांना धार लावणारा आहे, पिठाचें पोतें घेतलेला गिरणीवाला आहे, मेंढपाळ आहे, आंधळा म्हातारा आहे. एक भोळा मनुष्य तर हातांत कांहींच नसल्यामुळें दोन्ही हात वर करून नुसता आनंद करीत उभा आहे. प्रत्येकजण आपल्या धंद्यांतील कांहीं तरी बाळाला घेऊन येतो. बाळ येशूचा पुतळा मात्र 24 डिसेंबरच्या मध्यरात्रीं ठेवावयाचा. तोंवर गव्हाण रिकामी. यहुदी देशांतील बेथलेहेम अशा रीतीनें फ्रान्समधील खेडें झालें, आणि त्यांत कोणाचा खोटेपणा झाला असें कोणास वाटलें नाहीं.

1801 सालीं पोप सातवे पायस व नेपोलियन यांच्यामध्यें करार होऊन देवळें पुन्हा उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर लवकरच, 1803 सालीं, मार्सेय येथें सांतोंची पहिली जत्रा भरली, आणि ती आजहि भरते. शेजारच्या ओबान्य या गांवची माती उत्तम. तेथें कुंभारकाम पूर्वींपासूनच चालत असे. तेव्हां हें गांव सांतों करणाऱ्या कारागिरांचें माहेरघरच बनलें. अनेक कुटुंबांत दरवर्षीं एक नवा पुतळा विकत घेण्याची चाल आहे. आजीच्या काळची मासळीवाली, बापाच्या काळचा मेंढपाळ, नातवाच्या काळचा गिरणीवाला, असा एकेक करून गोठा पिढ्यान्पिढ्या वाढत जातो. ज्या काळीं देवळाची घंटा मुकी होती, त्या काळीं साच्यांतून निघालेल्या या मातीच्या बाहुल्यांनीं घरोघर ख्रिस्तजन्माची आठवण जागती ठेविली. बाजाराविषयीं कोणी सरसकट कठोर बोलूं लागला, तर त्यास ही कथा अवश्य सांगावी.

परंतु बाजाराची दुसरी बाजूहि आहे. आपण जी वस्तु हौसेनें घेतों, ती करणाऱ्याच्या घरीं सण होतो कीं नाहीं? सॅक्सनीच्या डोंगराळ भागांत झायफन नांवाचें गांव आहे. तेथील लोक पूर्वीं कथलाच्या खाणींत काम करीत. हिंवाळ्यांत उजाडण्यापूर्वीं खाणींत उतरावें व अंधार पडल्यावर वर यावें, असे त्यांचे दिवस जात. म्हणून त्या प्रांतांत प्रकाशाची मोठी अपूर्वाई. नाताळांत खिडकींत मेणबत्ती धरलेला लांकडी खाणकामगार व मेणबत्ती धरलेली देवदूत यांच्या बाहुल्या ठेवीत. घरांत जितके मुलगे तितके खाणकामगार, आणि जितक्या मुली तितके देवदूत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास खाणी बंद झाल्या, आणि गांव पोटासाठीं लांकडी खेळण्यांकडे वळलें. लांकडाचें मोठें कडें चरकावर अशा युक्तीनें कातावयाचें कीं, त्याच्या उभ्या फाकी केल्या म्हणजे प्रत्येक फाकींतून एक घोडा किंवा एक गाय निघावी! अशा कौशल्याला भाव मात्र कवडीचा मिळे. लहान लहान मुलें रात्रीं उशिरांपर्यंत बसून, दुसऱ्या मुलांनीं खेळावयाचीं तीं खेळणीं रंगवीत.

थुरिंगिया प्रांतांतील लाउशा या गांवचीहि हीच कहाणी. तेथें 1597 सालीं कांचेची भट्टी सुरू झाली. नाताळच्या झाडाला टांगावयाच्या कांचेच्या गोळ्यांची मागणी 1848 सालच्या एका वहींत नोंदलेली आहे. झाडाला अक्रोड व सफरचंदें टांगण्याची ऐपत नसलेल्या एका गरीब कारागिरानें कांचेचीं फळें फुंकून टांगलीं, अशी तेथें दंतकथा सांगतात. 1867 सालीं गांवांत गॅस आला व पातळ कांच फुंकणें सोपें झालें. मग घरोघर कारखाना झाला. बाप दिव्यापाशीं बसून गोळा फुंकणार, आई आंतून रुपेरी मुलामा देणार, मुलें रंग देऊन टोप्या बसविणार, आणि बायका पाठीवर मोठाल्या टोपल्या घेऊन झोनेबेर्गच्या व्यापाऱ्यांकडे पायीं जाणार. 1880 नंतर अमेरिकेंतील वूलवर्थ या दुकानदारानें हे गोळे आपल्या स्वस्त दुकानांतून विकण्यास आरंभ केला, आणि एका डोंगरी गांवचा माल समुद्रापार गेला. मालाची कीर्ति झाली, व्यापारी गबर झाले. कारागिराच्या घरीं मात्र नाताळच्या आधींचे महिने हे रात्रंदिवस कष्टाचेच राहिले. गव्हाणींत जन्मलेल्या प्रभूच्या सणासाठीं दुसऱ्याचें मूल जागत बसलें असेल, तर ती स्वस्ताई आपल्याला महाग पडली असें समजावें.

शेवटीं न्यूरेंबर्ग. येथील बाजार सर्वांत प्रसिद्ध आहे, आणि त्याची सर्वांत जुनी खूण मोठी साधी आहे. एका लहानशा, फुलांनीं रंगविलेल्या लांकडी डबीच्या तळाशीं, ती बाळ ख्रिस्ताच्या बाजारानिमित्त 1628 सालीं एका स्त्रीनें दुसरीस भेट पाठविल्याचें लिहिलेलें आहे. ती डबी आज तेथील संग्रहालयांत आहे. 1737 पर्यंत हा बाजार इतका वाढला कीं, सुमारें 140 जणांना तेथें माल मांडण्याचा हक्क होता. परंतु ज्या चौकांत हा बाजार भरतो, त्या चौकाचा इतिहास स्वच्छ नाहीं. 1349 सालीं तेथील यहुदी वस्तीवर हल्ला होऊन शेंकडों यहुदी मारले गेले, घरें पाडलीं गेलीं, आणि यहुदी प्रार्थनामंदिराच्या जागीं पवित्र मरियेचें सुंदर देऊळ उभें राहिलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजार त्या चौकांतून हलविण्यांत आला होता. 1933 सालीं हिटलरच्या पक्षानें तो मोठ्या थाटानें परत आणला. बाळ ख्रिस्ताच्या नांवानें दिवे लागले, आणि त्याच वेळीं बाळ ख्रिस्ताच्या रक्ताच्या लोकांना त्या शहरांतून, पुढें जगांतूनच, नाहींसें करण्याची सिद्धता चालू होती. गोठा ज्यांच्या हातांतील खेळणें झाला, त्यांचें पुढें काय झालें हें जग जाणतें. दुसऱ्या महायुद्धांत बाजार बंद पडला. 1945 च्या जानेवारींत जुनें शहर बॉंबवर्षावांत जळालें. 1948 सालीं, पडक्या भिंतींच्या मध्यें, बाजार पुन्हा भरला.

तेथें दर दोन वर्षांनीं एका मुलीची निवड होते. ती सोनेरी मुकुट घालून देवळाच्या सज्जांतून बाजाराचें उद्घाटन करते. 2019 सालीं जिची निवड झाली, तिचे वडील मूळचे भारतीय होते. कांहीं लोकांनीं तिच्या वर्णावरून कुत्सित शब्द काढले. परंतु शहर तिच्या पाठीशीं उभें राहिलें, आणि त्याच चौकांत, त्याच सज्जांतून तिनें लोकांचें स्वागत केलें. 1349 आणि 1933 या वर्षांचें स्मरण ठेवून हें दृश्य पाहिलें, म्हणजे बेथलेहेमच्या बाळाची शिकवण त्या चौकाला कांहीं अंशीं तरी समजली असें म्हणतां येतें.

आतां या साऱ्या गांवांवरून फिरून आपण आपल्या देवळाच्या अंगणांत येऊं. आपल्याकडे नाताळपूर्वींच्या आठवड्याच्या बाजारांत अशीच लगबग असते. नवें कापड, गूळ, तेल, रवा, चांदणीसाठीं कामट्या व रंगीत कागद. पोरें आईच्या पदराला धरून असतात. यांत वाईट कांहीं नाहीं. प्रभूच्या जन्मानें आनंद झाला, तर तो अंगावरच्या कपड्यांत व चुलीवरच्या कढईंत दिसणारच. वाईट दिसतें तें निराळेंच. शेजाऱ्याच्या बरोबरीनें सण दिसावा म्हणून कोणी कर्ज काढतो आणि उन्हाळाभर त्याचें व्याज भरतो. कोणाच्या घरीं गोठा तयार होतो, पण आगमनकाळांत प्रायश्चित्ताची आठवण होत नाहीं. अलीकडे तर बाजारास जाण्याचेंहि कारण उरलें नाहीं. मोबाईलवर बोट ठेवतांच माल दारीं येतो, आणि तो कोणाच्या हातचा, हें विचारण्याची संधीच मिळत नाहीं.

इतिहासानें जें दाखविलें तें थोडक्यांत असें. ड्रेस्डेनच्या लोकांनीं आधीं उपास केला, मग खरेदी केली. प्रोव्हान्सच्या लोकांनीं आपली ऐपत ओळखून एकेक मातीचा पुतळा घेतला, आणि त्यांतूनच अंधाराच्या काळांत श्रद्धा टिकविली. झायफन व लाउशा येथील मुलांनीं, आपल्या खरेदीमागें कोणाचे तरी हात असतात, हें न बोलतां सांगितलें. आणि न्यूरेंबर्गनें दाखविलें कीं, गोठ्यांतील बाळ विसरून केलेला झगमगाट शेवटीं राखेचा ढीग होतो. बाजार गोठ्याच्या सेवेला असेल तोंवर तो सणाचा सेवक; गोठाच बाजाराच्या सेवेला लागला कीं तो सणाचा चोर.

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या या वर्षीं एक लहानसा संकल्प करण्यास हरकत नाहीं. गोठ्यासाठीं एक तरी पुतळा आपल्या गांवच्या कुंभाराच्या हातचा, योग्य दाम देऊन घ्यावा. तो प्रभूसारखा हुबेहुब नसला तरी चालेल. हातांत मोळी घेतलेली बाई, उसाची मोळी बांधणारा मजूर, शेळ्या राखणारा पोरगा असला तर अधिकच चांगलें. ज्यांच्याजवळ देण्यास कांहींच नाहीं, त्यांच्यासाठीं प्रोव्हान्सच्या त्या भोळ्या मनुष्यासारखा एक, दोन्ही हात वर केलेला, असावा. पुढच्या वर्षीं दुसरा घ्यावा. पन्नास वर्षांनीं आपल्या नातवंडांना देवळाचा शतकमहोत्सव करतांना त्या गोठ्यांत आपलें सारें गांव बाळ येशूकडे चाललेलें दिसेल. आणि गव्हाण मात्र, पूर्वींसारखीच, मध्यरात्रींच्या मिस्सेपर्यंत त्याच्या येण्याची वाट पाहत रिकामी राहील. तो बाळ आपल्या घरांत व आपल्या बाजारांत सुखानें येवो, हीच त्याच्या चरणीं प्रार्थना.